माझं टोक ज्यांच्याकडे वळलं

मी एक तलवार आहे आणि मला भीती वाटते. तलवारीच्या तोंडी हे शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण सोळा वर्षं मी ते मनात दाबून ठेवलं. आता माझी जागा आत्याबाईंच्या घरात, कोट टांगायच्या खुंट्यांच्या रांगेत शेवटची आहे. इथे मला कुणी काही विचारत नाही, म्हणून बोलते.

लढाई मी एकही पाहिली नाही. माझ्या पात्याने आजवर कापला असेल तर एक केक, तोही दुसऱ्याच्या लग्नातला.

माझा जन्म १९०१ सालचा, लंडनमधला. पातं तयार झालं की त्याची परीक्षा घेतात. चामड्याचा अंगरखा घातलेला एक म्हातारा हे काम करत असे. पातं तो धनुष्यासारखं वाकवायचा, मग लाकडी ठोकळ्यावर सगळ्या ताकदीने आपटायचा, एकदा या अंगाने, एकदा त्या. माझ्या आधीची मोडली. तिचे तुकडे त्याने पायाने बाजूला सारले आणि मला हातात घेतलं. त्याच्या तळव्याला घाम होता. भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. मी मोडले नाही, एवढंच.

मग माझ्या पात्यावर जहाजाचा नांगर आणि मुकुट कोरला. मुठीवर माशाचं पांढरं खरखरीत कातडं आणि सोनेरी तार चढली, टोकाला सिंहाचं तोंड बसलं. काळं चामडी म्यान मिळालं. अशा नटवलेल्या अवस्थेत मी प्लिमथच्या एका गणवेशाच्या दुकानात आले, आणि तिथे मला मिस लव्हडे कार्लियन यांनी पाहिलं.

याच त्या आत्याबाई, फाल्मथच्या. लग्न केलेलं नव्हतं. आईवडिलांवेगळा भाचा त्यांनीच वाढवला होता, आणि तो नौदलात नुकताच अधिकारी झाला होता. दुकानदाराने मला म्यानातून काढून दाखवलं तेव्हा त्यांनी एक डोळा मिटून माझ्या पात्यावरून नजर फिरवली.

"सरळ आहे ना? वाकडी नको मला."

"मॅडम, नौदलाच्या अधिकाऱ्याची तलवार सरळच असते."

"अधिकारी कुठे असतात सगळे सरळ! निदान तलवार तरी असू दे."

भाचा शेजारी लाजून उभा होता. वीस वर्षांचा, उंच, हाडकुळा, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. तेच माझे साहेब, ह्यू कार्लियन.

अधिकाऱ्याच्या तलवारीला खरं काम फार थोडं. रविवारी सकाळी सगळी माणसं डेकवर रांगेत उभी राहतात आणि कॅप्टन त्यांची पाहणी करतो, तेव्हा अधिकाऱ्यांच्या कमरेला तलवारी लागतात. अ‍ॅडमिरल आला, कुणी मेला, किंवा कोर्ट मार्शल भरलं तरी लागतात. उरलेला आठवडा मी केबिनच्या भिंतीवर टांगलेली असे आणि जहाज झुलेल तशी झुलत असे. माणसांचं एक मी पाहिलं आहे. कमरेला तलवार लागली की त्यांची चाल बदलते. डावा हात आपोआप माझ्यावर येतो, हनुवटी वर जाते, आणि जिन्यात हमखास पाय अडकतो. माझ्या साहेबांनी पहिल्या वर्षी तीनदा लोटांगण घातलं.

ते हुशार होते. दिशा, भरती-ओहोटी, नकाशे यांचा अभ्यास करून त्यांनी परीक्षा दिल्या आणि १९०६ साली 'पेनारो' या क्रूझर युद्धनौकेवर मार्गदर्शक अधिकारी म्हणून रुजू झाले. जहाज कुठून कसं न्यायचं हे नकाशावर आखणं त्यांचं काम. आखलेल्या रेघेवर जहाज धरून ठेवणं हे सुकाणूवाल्याचं.

तो सुकाणूवाला म्हणजे आयझॅक टॉली. वय चाळीस, पोलपेरोच्या कोळ्यांतला, दाढी तांबूस, पंजे एवढे मोठे की सुकाणूचं चाक त्याच्या हातात खेळण्यासारखं दिसे. १९०८ साली त्याची एकोणीस वर्षांची नोकरी झाली होती. आणखी तीन वर्षं नीट गेली की पेन्शन. त्याच्या बाहीवर चांगल्या वागणुकीच्या तीन पट्ट्या होत्या आणि त्यांचा त्याला आमच्या सोन्याच्या फितींपेक्षा जास्त अभिमान होता.

"टॉली, बडबड पुरे. कंपासकडे बघ," साहेब म्हणायचे.

"साहेब, एकोणीस वर्षं त्याच्याकडेच बघतोय. एवढं बायकोकडे बघितलं असतं तर ती सुखी झाली असती."

होकायंत्राच्या बाबतीत साहेब कडक होते. त्याच्याजवळ लोखंड आलं की सुई बिघडते. खलाशांच्या गळ्यातल्या दोरीला चाकू असतो. तो घेऊन कुणी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या मजल्यावर, होकायंत्रापाशी आला की साहेब त्याला परत खाली हाकलत. "चाकू ठेवून ये. सुईला वेड लावायचंय का?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे.

आणि तरी तो रविवार आला.

१० मे १९०८. 'पेनारो' लिझर्ड भूशिराला वळसा घालून फाल्मथला चाललं होतं. दुपारच्या जेवणाला साहेब आत्याकडे जाणार होते. आत्याबाईंनी केशर घातलेला पाव भाजून ठेवल्याचं पत्र आलं होतं. डेकवर पाहणी चालली होती. साहेब लांब काळा कोट घालून आपल्या रांगेपुढे उभे, मी कमरेला. दहा वाजून वीस मिनिटांनी समुद्रावरून धुकं आलं. बघता बघता पुढची डोलकाठी दिसेनाशी झाली. ब्रिजवरून निरोप आला, मार्गदर्शक अधिकाऱ्याला ताबडतोब वर बोलावलं आहे.

साहेब धावले. मला उतरवून ठेवायला केबिनपर्यंत जायचं तर दोन जिने खाली उतरावे लागले असते.

ब्रिजवर कॅप्टन ऑर्मरॉड उभे होते. वयस्कर, तापट माणूस. "कार्लियन, लिझर्ड शेवटचं कधी दिसलं?"

"आत्ताच, सर. जागा पक्की आहे. ठरलेल्या रेघेने गेलो तर मॅनॅकल्सचे खडक डावीकडे पाऊण मैल राहतील."

"वेग कमी करा. आठ नॉट. आणि तुमच्या त्या रेघेवरून हलू नका."

साहेब नकाशावर वाकले. मी मध्ये आले, टेबलाला आपटले. त्यांनी चरफडत मला पट्ट्यातून सोडवलं आणि न बघताच डावीकडे टेकवलं. जिथे टेकवलं तो होकायंत्राभोवतीचा कठडा होता. माझी मूठ वर, टोक खाली. मूठ सुईपासून जेमतेम हातभर.

मला लगेच कळलं. लोखंडाला ते कळतं. काचेखालची सुई माझ्याकडे ओढली गेली, थोडीशी, पाचेक अंश. टॉलीला ते कसं कळावं? त्याला ठरलेल्या दिशेचा आकडा होकायंत्रातल्या रेघेवर आणायचा होता, त्याने तो आणला. आकडा बरोबर होता. जहाज मात्र डावीकडे, जमिनीच्या बाजूला वळलं होतं.

पन्नास मिनिटं मी तिथे उभी होते. साहेब दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून नकाशावर बारीक खूण करत होते. टॉली आकडा म्हणत होता. भोंगा वाजत होता. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? माणसाच्या हाताशिवाय मला बोटभरही सरकता येत नाही.

मॅनॅकल्सपाशी समुद्राच्या बाजूला धोका दाखवणारा एक तरंगता बोया आहे. त्याच्यावर घंटा आहे, लाटांनी वाजते. तिचा आवाज आम्हाला डावीकडून यायला हवा होता.

तो उजवीकडून आला.

मी माणसांचे चेहरे पुष्कळ पाहिले आहेत. त्या क्षणी साहेबांचा चेहरा जसा झाला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. उजवीकडे घंटा याचा अर्थ आम्ही बोया आणि जमीन यांच्यामध्ये होतो, खडकांत. त्यांनी यंत्रं उलटी फिरवायचा हुकूम ओरडून दिला. तो पुरा व्हायच्या आत तळातून एक लांब, किरकिरणारा आवाज आला आणि जहाज एका कुशीवर झुकलं. मी पडले, घसरत कोपऱ्यात गेले.

मी दूर जाताच सुई पाच अंश मागे उडाली.

सगळे धुक्यात बघत होते. होकायंत्राकडे फक्त टॉलीची नजर होती, सवयीने. त्याने सुई पाहिली. मग ती जिकडून सुटली होती तिकडे पाहिलं, आणि मग मला. चाक दुसऱ्याच्या हातात देऊन तो आला, मला उचललं, बाहीने पुसलं.

"साहेब, तुमची तलवार."

"हं," साहेब म्हणाले. त्यांनी मला न बघताच घेतलं.

माणूस कुणी मेला नाही. खाली बॉयलरपाशी एकाचा पाय मोडला. पुढच्या भरतीला जहाज सुटलं, तळाला मोठं भगदाड घेऊन, आणि त्याला ओढत डेव्हनपोर्टला दुरुस्तीसाठी नेलं. आत्याबाईंनी आपल्या खिडकीतून दिवसभर भोंगे ऐकले. संध्याकाळी साहेब भिजलेल्या बुटांनी दारात उभे राहिले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जेवण गार झालं रे."

जहाज आपटलं की कोर्ट मार्शल होतंच. कॅप्टनचं वेगळं, मार्गदर्शक अधिकाऱ्याचं वेगळं. आमचं आधी होतं. साहेब रात्रंदिवस नकाशा घेऊन बसायचे. वेग बरोबर होता. प्रवाहाचा हिशोब बरोबर होता. होकायंत्र तज्ज्ञांनी तपासलं, तेही बरोबर. मग जहाज पाऊण मैल डावीकडे गेलं कसं?

अकराव्या दिवशी दुपारी, गोदीतले कामगार चहाला गेलेले असताना, साहेब कपडे आणायला जहाजावर आले. मला कमरेला लावून ते रिकाम्या ब्रिजवर चढले आणि त्या दिवशी जिथे उभे होते तिथे उभे राहिले. वाकले. मी टेबलाला आपटले. त्यांचा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

फार वेळ ते तसेच वाकलेले होते. मग त्यांनी मला हळूच सोडवलं आणि कठड्याला टेकवलं. सुई हलली. उचललं, सुई परत गेली. पुन्हा टेकवलं. असं त्यांनी सात वेळा केलं. शेवटी ते डेकवर बसले, मला मांडीवर घेऊन.

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच भीतीत राहिलो.

साहेबांची बाजू मांडायला त्यांचे मित्र फिनमोर नेमले होते, पगार विभागातले अधिकारी, गोल, गुलाबी आणि कायम खूश. साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. फिनमोरांच्या चेहऱ्यावरचा गुलाबी रंग गेला.

"आणखी कुणाला बोललास?"

"नाही."

"मग मलाही बोलला नाहीस. अरे, होकायंत्र बरोबर, तुझा नकाशा बरोबर. कोर्ट म्हणेल सुकाणू ढिलं धरलं होतं. ऑर्मरॉड तेच म्हणणार आहेत. तू सुटलास!"

"आणि टॉली?"

"टॉलीवर खटला नाहीये."

"नंतर त्याच्या पट्ट्या काढतील, फिन. खालच्या दर्जावर नेतील. तीन वर्षं राहिलीयत त्याची."

फिनमोरांनी पाइप झटकला. "तू बुडालास तर टॉली तुझ्यासाठी मेणबत्ती लावणार आहे का? सत्तावीस वर्षांचा आहेस. जेवढं विचारतील तेवढंच उत्तर दे. खोटं बोल असं मी म्हणत नाही. गप्प बस म्हणतोय."

साहेब गप्प बसले. एक आठवडा, दोन आठवडे. रात्री उठून मला भिंतीवरून काढायचे, कपाटात ठेवायचे. सकाळी पुन्हा भिंतीवर. कुणाला मी दिसू नये असं त्यांना वाटत होतं, आणि मी न दिसले तर कुणी विचारेल असंही.

खटल्याच्या आदल्या दिवशी मला कापडी पिशवीत घालून ते धक्क्याकडे निघाले. आरोपीला आपली तलवार कोर्टाच्या हवाली करावी लागते. वाटेत टॉली भेटला, पाठीवर सामानाची थैली. त्याने सलाम केला. दोघंही थांबले. खरं तर साक्षीदाराशी बोलायची मनाई होती.

"टॉली, तुला उद्या विचारतील."

"विचारू दे साहेब. दिशा बरोबर धरली होती, तेच सांगेन."

"ते म्हणतील खोटं बोलतोस."

"म्हणू दे. मला बायकोची सवय आहे."

साहेब हसले नाहीत. "तुला ठाऊक आहे ना? तू सुई पाहिलीस."

टॉलीने पिशवीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. "मी सुकाणूवाला माणूस, साहेब. समोरचा आकडा वाचतो. आकड्याच्या शेजारी कुणी काय ठेवलं ते सांगणं माझं काम नाही. ते ज्याचं त्याने सांगायचं." त्याने थैली सावरली. "आणि नाही सांगितलं तरी मी काही म्हणणार नाही. बायको म्हणेल, पण ती तशीही म्हणतेच."

तो गेला. साहेब धक्क्यावर उभे राहिले, मला छातीशी धरून. मला वाटलं, हे आता मला पाण्यात टाकतील. खरं सांगते, मला ते बरं वाटलं असतं.

१८ जूनला सकाळी साडेनऊला कोर्ट बसलं. बंदरात नांगरून ठेवलेल्या एका जुन्या लाकडी जहाजाच्या मोठ्या दालनात. लांब टेबल, त्याच्यामागे पाच कॅप्टन पूर्ण गणवेशात, प्रत्येकाच्या कमरेला तलवार. आणि टेबलावर त्यांच्यासमोर आडवी, मी.

ही नौदलाची जुनी रीत आहे. आरोपीची तलवार टेबलावर आडवी ठेवतात. साक्षी झाल्या की सगळ्यांना बाहेर काढून पाच जण निर्णय घेतात आणि तलवार फिरवून ठेवतात. आरोपी आत येतो तेव्हा त्याला कुणी काही सांगायच्या आधीच कळतं. मूठ त्याच्याकडे असेल तर सुटला. टोक त्याच्याकडे असेल तर दोषी.

म्हणजे निकाल मी सांगायचा होता. आणि गुन्हाही माझाच होता.

ऑर्मरॉडांची साक्ष झाली. "हुकूम योग्य होते. माझ्या मते सुकाणूकडे लक्ष नव्हतं." तज्ज्ञाची झाली. मग टॉली आला, टोपी काखेत, तिन्ही पट्ट्या घासून चमकवलेल्या.

"सुकाणू धरताना बोलत होतास?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या आणि आवाज अगदी मऊ. त्या मऊपणाची मला जास्त भीती वाटली.

"नाही सर. धुक्यात मी बोलत नाही."

"होकायंत्र बरोबर. नकाशा बरोबर. मग पाऊण मैल चुकलं कोण?"

टॉलीच्या कपाळावरून घामाचा थेंब दाढीत उतरला. "मी आकडा बरोबर धरला होता, सर."

"म्हणजे खडक सरकले?"

टेबलामागे कुणीतरी हसलं. टॉलीचे ते भलेमोठे हात टोपीची कड चुरगाळत होते. त्याने साहेबांकडे एकदाही पाहिलं नाही. तेच मला सहन होईना.

"जाऊ शकतोस," अध्यक्ष म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

टॉली वळला. तो दारापर्यंत गेला तेव्हा खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. फिनमोरांनी साहेबांची बाही धरली होती. साहेबांनी ती सोडवली.

"सर, साक्षीदाराला थांबवा. आणि मला एक बोटीवरचं होकायंत्र हवंय."

"कशासाठी?"

"दाखवायला, सर. मला तोंडाने सांगता येईल की नाही, शंका आहे."

होकायंत्र आणलं. साहेबांनी ते टेबलावर ठेवलं, पण सुई भलतीकडेच फिरायला लागली. पाच कॅप्टन, पाच तलवारी! अध्यक्षांच्या ते आधी लक्षात आलं. "सद्गृहस्थहो, मागे सरा. सगळे. भिंतीपर्यंत." पाच वयस्कर माणसं आपापल्या तलवारी सावरत, एकमेकांना धक्के देत भिंतीला जाऊन चिकटली. मघाशी हसलेलाही आता हसत नव्हता.

साहेबांनी मला आधी दूर, दारापाशी नेलं. सुई स्थिर झाली. मग त्यांनी मला आणलं आणि होकायंत्राच्या डाव्या बाजूला उभं धरलं, मूठ वर, टोक खाली, हातभर अंतरावर.

मी सगळा जीव आखडून घेतला. हलू नकोस, मी सुईला म्हणत होते, हलू नकोस.

सुई माझ्याकडे वळली.

"१० मे रोजी," साहेब म्हणाले, "मी पाहणीतून तसाच ब्रिजवर आलो. ही तलवार मी होकायंत्राला टेकवून ठेवली. पन्नास मिनिटं ती तिथे होती. टॉलीने दिशा बरोबर धरली होती. चूक माझी."

अध्यक्ष भिंतीपाशी उभ्याउभ्याच म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"अपघातानंतर अकराव्या दिवशी."

"आज एकोणचाळिसावा दिवस आहे. आजवर का बोलला नाहीत?"

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "भीती वाटत होती, सर."

सगळ्यांना बाहेर काढलं. पाच जण आणि मी उरलो. त्यांचं बोलणं मी ऐकलं, आणि ते अजून माझ्यातून जात नाही.

"गप्प बसला असता तर सुटला होता," एक म्हणाला.

"म्हणूनच जीव तुटतो."

"तुटू दे. ब्रिजवर तलवार घेऊन गेला. मार्गदर्शक अधिकारी! माझ्या जहाजावर एखादा नवशिक्याही हे करणार नाही."

"तुमच्या जहाजावर कुणी कबूलही करणार नाही," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझी मूठ धरली.

सगळा जोर लावून मी टेबलाला चिकटून राहिले. पण मी किती जड असणार? त्यांनी मला सहज फिरवलं. त्यांचा हात थंड होता, आणि मला सोडायच्या आधी तो क्षणभर तसाच राहिला.

दार उघडलं. साहेब आत आले, टोपी हातात. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. माझं टोक त्यांच्या पोटाकडे रोखलेलं होतं.

सक्त ताकीद. जहाजावरून बडतर्फी. नोकरी राहिली, पण पुन्हा त्यांच्या हाती नकाशा कुणी दिला नाही. पुढची पाच वर्षं त्यांनी कोळशाच्या गोदीत आणि बोया रंगवण्याच्या कामात काढली. बरोबरीचे लोक वर गेले. १९१३ साली त्यांनी निवृत्ती घेतली, बत्तीस वर्षांचे असताना, आणि आत्याकडे राहायला आले.

निकालाच्या संध्याकाळी मात्र आत्याबाईंनी दारातच विचारलं होतं, "टोक कुणीकडे होतं?"

"माझ्याकडे."

"मग आत ये. चहा गार होतोय."

टॉलीच्या पट्ट्या राहिल्या. त्याचं पेन्शनही झालं.

मग महायुद्ध आलं. समुद्रात शत्रूचे सुरुंग पेरलेले असतात. ते शोधून काढायला मासेमारीच्या बोटींचा ताफा फाल्मथला उभा राहिला. अशा बोटींवर बडे अधिकारी जात नाहीत. साहेबांनी अर्ज केला आणि यंदा, १९१७ साली, त्यांना एक मिळाली, 'मेरी ट्रेगो' नावाची. गेल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, ते निघायच्या तयारीत होते आणि दार वाजलं. दारात आयझॅक टॉली. दाढी पांढरी, पंजे तसेच.

"सुकाणूला माणूस लागत असेल ना, साहेब?"

साहेबांनी हातातले बूट खाली ठेवले. "टॉली, तू पेन्शनीत आहेस. घरी बस."

"घरी बायको आहे."

"सुरुंग आहेत रे तिकडे. आणि माझ्याबरोबर येणार? माझ्याबरोबर गेलास तेव्हा काय झालं ते विसरलास?"

"विसरलो नाही ना, म्हणूनच विचारतोय. बाकीच्या साहेबांच्या चुका सुकाणूवाल्याच्या नावावर जमा होतात. तुमच्या होत नाहीत. या वयात मला एवढंच परवडतं."

आत्याबाई घाईघाईने खुंट्यांपाशी आल्या. साहेबांचा जाड कोट काढला, गळपट्टा काढला. मग सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला खुंटीवरून उतरवलं. "आणि ही?"

"नको!" दोघंही एकदमच म्हणाले.

मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि साहेब हसले. टॉलीही हसला, एवढ्या मोठ्याने की आत्याबाई दचकल्या. नऊ वर्षांत साहेबांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. हसतहसतच ते पायऱ्या उतरून बंदराकडे गेले.

त्याला आज सात दिवस झाले. रोज पहाटे बोटी जातात, दुपारी येतात. परवा गेल्या तेवढ्या आल्या नाहीत, पण आमची आली. आज अजून कुणीच आलेलं नाही. आत्याबाई खिडकीशी विणकाम घेऊन बसल्या आहेत आणि गेल्या तासाभरात त्यांनी एकही टाका घातलेला नाही.

मला भीती वाटते. पण ही भीती पूर्वीसारखी नाही. पूर्वी साहेब एकटेच भ्यायचे, आणि मी त्यांच्याजवळ असूनही उपयोग नव्हता. आता त्यांच्याजवळ टॉली आहे, आणि मी नाही.

माझ्यासारख्या वस्तू जाताजाता विनवणी करतात, की आम्हाला विसरू नका, धूळ पुसा, तेल लावा. माझं तसं काही मागणं नाही. उद्या कुणी पाहुणा येईल, मला पाहील आणि म्हणेल, अधिकाऱ्याची तलवार अशी कोटांमध्ये का टांगली आहे, त्याच्याकडे पाठवून द्या की! त्याचं ऐकू नका. एवढीच विनंती. मला इथेच असू द्या, त्या बोटीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब.